शालनचे धडे

सूचना आली तेव्हा वृषाली चहासाठी आलं ठेचत होती. ‘तातोबा सुतार यांच्या कर्णिका यंत्रासाठी नवा गाभा (चालक प्रणाली) आला आहे. बसवण्यास सुमारे पन्नास मिनिटे लागतील. यंत्र चार्जिंगच्या डबीत ठेवावे. मध्येच वीज जाऊ देऊ नये.’ असल्या सूचना महिन्याला चार येतात आणि त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वृषालीनं आल्याच्या बोटानंच ‘हो’ दाबलं. ‘यंत्राचा सेल दमला आहे, बदलून घ्यावा’ अशीही एक सूचना खाली लोंबत होती. तिला वृषालीनं गेले दोन महिने देत आली होती तेच उत्तर दिलं, ‘नंतर’.

“आप्पा, कान काढून द्या. डबीत ठेवायचेत.”

तातोबांनी खिशातली काडेपेटीएवढी पेटी आणि दोन्ही कानांमागच्या चकत्या काढून लेकीच्या हातात दिल्या. त्यांच्यापुरतं मिरज शहर बंद झालं.

तंबोरे करणाऱ्या माणसाला हे असं कान काढून ठेवणं कधी अंगवळणी पडत नाही. छप्पन्नाव्या वर्षी एका तापानं आणि त्या तापावरच्या औषधानं तातोबांचे दोन्ही कान गेले होते. हात शाबूत होते, नजर शाबूत होती. भोपळा कापता येत होता, दांडी जोडता येत होती. पण तंबोरा नुसता जोडून होत नाही. त्याची तार ज्या घोडीवरून जाते, त्या घोडीची पाठ कानशीनं घासून अशी काही गोलवायची असते, की तार तिच्यावर टेकतेही आणि टेकतही नाही. तेवढं साधलं की एका स्वरातून दहा स्वर उमलतात आणि तंबोरा बोलायला लागतो. ह्याला जवारी म्हणतात. घास कमी पडला तर तार मुकी राहते, केसभर जास्त झाला तर घोडी फेकून द्यायची. डोळ्यांना ह्यातलं काही दिसत नाही. जे काय आहे ते कानाचं.

आपल्या कानात आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणाची नळी असते. तिच्यातल्या बारीक केसांवर आवाज पडतो आणि ते केस नसांना कळवतात. तातोबांचे केस झडले होते, नसा जिवंत होत्या. कर्णिका बसवताना त्या नळीत शंभरेक सूक्ष्म तारा सोडतात आणि प्रत्येक तार नसेला विजेचा बारीकसा चिमटा काढते. प्रश्न एवढाच, की कुठल्या आवाजाला कुठल्या तारेनं किती जोरात चिमटा काढायचा. प्रत्येक डोक्याचं उत्तर वेगळं. जुन्या यंत्रांत हे डॉक्टर अंदाजानं ठरवत, त्यामुळे बोलणं कळे, पण गाणं म्हणजे पत्र्यावर ओतलेली खडी वाटे. कर्णिका स्वतः शिकायची. घरातल्या एका माणसानं रोज शब्द वाचायचे, ऐकणाऱ्यानं ते परत म्हणायचे. यंत्र मेंदूतल्या लहरींवरून ताडायचं की नेम किती चुकला, आणि किंचित सुधारायचं. हजारो वेळा असं झालं की त्या माणसापुरता एक नकाशा तयार व्हायचा. यंत्र मेंदूला शिकवतं आणि मेंदू यंत्राला, आणि शेवटी दोघं एकमेकांच्या वळणावर जातात, जुन्या नवरा-बायकोसारखे.

तातोबांचा नकाशा त्यांच्या बायकोनं, शालननं घडवला होता.

पुस्तिकेत सहाशे चाळीस धडे होते. आधी यंत्रातून कंपनीची बाई नमुन्यादाखल यादी वाचायची. खिडकी. खुर्ची. खडू. मग शालननं तीच यादी तशीच वाचायची, मध्ये आपलं काही घालायचं नाही. दोन्ही आवाज यंत्रात साठवले जात. शालन जतकडची, आवाज घोगरा, जाडाभरडा. लग्न झाल्यापासून तातोबांचं एक ठरलेलं बोलणं होतं, “हिच्या आवाजाला कानस मारायला पायजे.” त्यावर शालनचंही ठरलेलं, “मारा की. हात कुणी धरलाय तुमचा?” दोन वर्षं ती रोज दुपारी भांडी आवरून, चष्मा लावून, शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून धडे वाचत राहिली. दुसऱ्या वर्षी एक दिवस यादीच्या मधेच तातोबा थांबले आणि म्हणाले, “शालन, तुझ्या आवाजाला कानस मारली कुणी गं?”

शालन लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, पण पदर तोंडाला लावून आत गेली. कर्णिका बसवून देणारा इंजिनिअर निमिष कुडचे त्या दिवशी धपाटे खायला बसला होता. त्यानं समजावलं, “काकू, हे असंच होतं. ज्या आवाजावर नकाशा बसतो, त्या जातीचे आवाज गोड लागतात. बाकीचे थोडे रखरखीत.”

नंतर तातोबा पुन्हा जवारीला बसू लागले. चार वर्षं बरी गेली. मग शालन पोटाच्या दुखण्यानं आजारी पडली. पुण्यातली नोकरी सोडून वृषाली तिच्या उशाशी येऊन बसली. दोन वर्षांनी शालन गेली, तरी वृषाली परत गेली नाही. आईच्या आजारपणातच तिनं फावल्या वेळात बापाशेजारी बसून कानस हातात घेतली होती. कानस हातात घेतल्यालाही आता तीन वर्षं होत आली होती.

आणि त्या सकाळी, कान डबीत ठेवल्यावर, बहिऱ्या माणसाच्या चढ्या, सपाट आवाजात तातोबा म्हणाले, “वृषा, आज तू बस जवारीला.”

तिनं खुणेनं विचारलं, मी?

“मग कोण? माझं कान डबीत हायत. दातानं बघतो मी.”

तीन वर्षं तिनं नुसत्या टाकाऊ घोड्या घासल्या होत्या. आज समोर गिऱ्हाइकाचा तंबोरा होता, तोही खऱ्या भोपळ्याचा. भीमाकाठचे भोपळे आता वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, बाकी सगळे साच्यातले, आणि त्यांना तातोबा भोपळे न म्हणता डबडी म्हणत.  काय काय करायचं ते वृषालीला पाठ होतं. तातोबा ज्या उस्तादांकडे शिकले, ते जवारीला बसले की भिंतीवरच्या घड्याळाचा लंबकसुद्धा धरून ठेवत. जवारीच्या वेळी दुसरी कुठली कुजबुज नको. तातोबांच्या कारखान्यात त्याचाच पुढे नियम झाला होता. खिडक्या लावायच्या. पाण्याची तोटी घट्ट करायची. आणि पंख्याची, फ्रीजची, दिव्याची बारीक गुणगुण राहते म्हणून मेन पाडायचा.

वृषालीनं खिडक्या लावल्या. तोटी घट्ट केली. मेन पाडला.

तिच्या मनाला शंका शिवली नाही. मेन म्हणजे पंखा, मेन म्हणजे फ्रीज. मेन म्हणजे आप्पांचे कान हा विचार त्या घरात कुणी कधी केलाच नव्हता.

पाऊण तास ती घासत होती. तार सोडायची, दोन घास द्यायचे, तार चढवायची, छेडायची. तातोबा भोपळ्याच्या काठाला दात टेकवून डोळे मिटून बसले होते. नंतर कधीतरी एका घासाला तार एकदम उमलली. वृषालीला ती ऐकू आली आणि तातोबांना दातांतून कळली. त्यांनी डोळे उघडले. लेकीच्या पाठीवर थाप मारली, आणि मग उठून स्वतः मेन वर केला. शेजारी साखर वाटायला दोघं बाहेर पडले. अर्धा तास गल्लीत उभे होते. कान डबीत लुकलुकत होते, म्हटलं चाललं असेल त्याचं काम.

परत आल्यावर तातोबांनी कान चढवले आणि त्यांचा चेहरा बदलला.

“बोल,” ते म्हणाले.

“आप्पा, काय झालं?”

“बोल की.”

“बोलतेय मी.”

तातोबांनी कान काढले, पुसले, परत लावले. “नुसतं उंदरं कुरतडल्यासारखं यायलंय,” ते म्हणाले.

निमिष कुडचे दुपारीच सांगलीहून आला. पेटी आपल्या यंत्राला जोडून तासभर बघत बसला, आणि मग वृषालीला म्हणाला, “ताई, मध्ये वीज गेली होती?”

“मी पाडली.”

त्यानं वर पाहिलं, पण विचारलं काही नाही. आयुष्यभर लोकांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळतं. थोड्या वेळानं त्यानं समजावून सांगायला घेतलं. “तलाठ्याचं दप्तर समजा. जमिनी शिवारात आहेत तिथंच असतात, पण कुठला तुकडा कुणाचा आणि कुठून कुठपर्यंत, ते दप्तरात. यंत्राच्या आतही असंच असतं. माहिती एकीकडे, तिचं दप्तर दुसरीकडे, आणि हे दप्तर गाभा सांभाळतो. नव्या गाभ्यात दप्तर लिहायची रीत बदलली होती. तो जुनं दप्तर नव्या रीतीनं उतरवून घेत होता. वीज गेल्यावर एरवी सेलवर चाललं असतं. पण सेल दमलेला, दोन मिनिटांत संपला. निम्मं दप्तर नव्या रीतीचं, निम्मं जुन्या.”

“मग वीज आल्यावर?”

“वीज आल्यावर यंत्र नव्या गाभ्यावर सुरू झालं. त्याला जुनं निम्मं वाचता येईना. चुकीचं आहे असं समजून त्यानं आपणहून दुरुस्ती केली. जे वाचता आलं नाही ती पडीक जमीन धरली, आणि तिच्यावर नवीन लिहायला लागला.” त्यानं पेटी हातात घेतली. “वीज आल्यावर किती वेळ डबीत होतं?”

“अर्धा तास,” वृषाली म्हणाली. “आम्ही साखर वाटत होतो.”

वृषालीनंच पुढं विचारलं, “दुसरीकडे कुठं प्रत आहे का? कंपनीकडे?”

प्रत नव्हती. शरीराची माहिती माणसाच्या सहीशिवाय कंपनीनं ठेवायची नाही असा कायदा झाला, तेव्हा कुडचेनंच सहीचा कागद आणला होता आणि तातोबांनी तो परत केला होता. माझा कान दुसऱ्याच्या कपाटात कशाला, असं म्हणाले होते. शालननंही मान डोलावली होती.

चार दिवसांनी कंपनीकडून सगळ्यांना सूचना आली, की सेल जुना असल्यास नवा गाभा बसवू नये. बैल गेला आणि झोपा केला. वृषालीनं ती सूचना मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

कुडचेनं पेटी दोन दिवस नेली आणि हाती लागलं ते एका वेगळ्या छोट्या डबीत घेऊन आला. असल्या वेळी दुरुस्तीत जे बेवारशी तुकडे सापडतात ते यंत्र एका वेगळ्या कप्प्यात टाकतं. तातोबांच्या कप्प्यात अकराशे त्रेसष्ट तुकडे होते. नकाशा त्यात नव्हता, त्याच्या फक्त चिंध्या होत्या. धड म्हणावेत असे दोनशे बारा तुकडे निघाले, ते सगळे धड्यांचे आवाज.

“ह्यात काकूंचे आहेत आणि कंपनीच्या बाईचेही,” तो म्हणाला. “नावं गेलीत, नुसते आकडे उरलेत. ऐकूनच ओळखायचं.”

तातोबा पाटीकडे बघत होते. वृषाली कुडचेचं बोलणं खडूनं त्यावर लिहीत होती, ते वाचत होते. दोन वाटा होत्या. एक, काकूंचे जे तुकडे उरलेत त्यांच्यावर यंत्राला पुन्हा शिकवायचं. लवकर होईल, दोन-तीन महिन्यांत. काकूंचा आवाज होता तसा येईल. पण तुकडे तिसऱ्या हिश्शाइतकेही नाहीत, कितीतरी अक्षरांचे आवाज त्यात नाहीतच. बाकीचं जग अर्धवट ऐकू येईल आणि जवारी तर कधीच नाही. दुसरी वाट म्हणजे जिवंत माणसानं पहिल्या धड्यापासून वाचायचं. दीड-दोन वर्षं.

“दोन्ही नाही का करता येणार?” वृषालीनं विचारलं.

“दोन आवाजांवर नकाशा डळमळतो. एकच निवडावा लागेल.”

पाटीवर हे उतरायच्या आत तातोबांनी तुकड्यांच्या डबीवर हात ठेवला. “शालनचंच लावा,” ते म्हणाले.

कुडचे पंधरवड्यानं येतो म्हणून गेला. तो गेल्यावर वृषालीनं पाटीवर लिहिलं, ‘माझ्यामुळं झालं.’ तातोबांनी वाचलं, तळव्यानं पुसलं आणि म्हणाले, “मेन पाडायला मीच शिकवलं न्हवं का?” हे खरंच होतं. पण ‘हो’ आपण दाबलं होतं, ‘नंतर’ आपण दाबलं होतं आणि मेनही आपणच पाडला होता, हेही तितकंच खरं होतं. बापानं पाटी पुसली म्हणून ते पुसलं जाणार नव्हतं. आई एकदा गेली होती, आता तिचं उरलंसुरलं आपल्या हातानं घालवलं, असं तिला वाटत होतं. ती रात्री नीट जेवत नव्हती.

कारखाना चालू होता. वृषाली घासायची, तातोबा दात टेकवून बसायचे आणि मान हलवायचे. दातांना जवारी खुलली एवढं कळतं, ती कशी खुलली ते कळत नाही. तीन घोड्या वाया गेल्या. बोलायचं असेल ते वृषाली पाटीवर लिहायची, आणि ते वाचून तातोबा मोठ्यानं बोलायचे. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी जेवताना तातोबांनी ताट सरकवलं.

“तू बोलत का न्हाईस?”

वृषालीनं पाटी ओढली. ‘तुम्हाला ऐकू येत नाही.’

“ते दिसतंय. तू बोलत का न्हाईस?” ते परत म्हणाले. “दहा दिस झालं, तोंड मिटून बसलीयास. तुझ्या आईला बघितलंस न्हवं? माझं कान गेलं तवा यंत्र यायला सात महिनं लागलं. सात महिनं ती बडबडत व्हती. भाजीत मीठ कमी पडलं तरी मला सांगायची. मला काय ऐकू येतंय? पर ओठ हलताना दिसायचं. घरात माणूस हाय असं वाटायचं.”

वृषालीचे डोळे भरून आले. ती पाटीवर काही लिहू लागली, तर त्यांनी खडूच काढून घेतला.

“कुडचेला सांग, शालनचं ठेव गुंडाळून. तू वाच.”

“आप्पा, नको,” ती तोंडानं म्हणाली.

ओठ ओळखून ते म्हणाले, “गेलेल्या माणसाचं ऐकत बसलो तर जित्या माणसाचं राहतंय. ती तशीच म्हटली असती. आणि जवारी कोण शिकवणार तुला, दात?”

कुडचे आला तेव्हा त्यानं वृषालीला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या आवाजावर नकाशा बसला की काकूंचे तुकडे त्यांना ऐकू येतील. पण तोच आवाज वाटेल असं मी म्हणू शकत नाही. तुमचा आवाज अगदी वेगळा आहे, बारीक आणि साफ. आणि नकाशा पक्का होईपर्यंत ते तुकडे लावू नका, गोंधळ होईल.”

हे लपवलं तर आणखी एक ओझं होईल म्हणून वृषालीनं सगळं पाटीवर लिहून तातोबांपुढे धरलं. त्यांनी ते बराच वेळ वाचलं.

“असू दे,” ते म्हणाले. “तिचा आवाज मला पाठ हाय. चाळीस वर्षं ऐकलाय. वळखायला यंत्र कशाला पायजे?”

मग धडे सुरू झाले. रोज दुपारी भांडी आवरून वृषाली आईच्या जागी बसायची. नव्या पुस्तिकेत कंपनीची बाई उरली नव्हती, आता नुसत्या याद्या होत्या. खिडकी. खुर्ची. खडू. पहिले तीन महिने तातोबा खिडकीला टिचकी म्हणायचे आणि खडूला गडू. सहाव्या महिन्यात त्यांनी कुकरची शिट्टी ओळखली. दहाव्या महिन्यात दाराबाहेर पोस्टाच्या बाईशी भांडले, म्हणजे बोलणं नीट कळू लागलं. दीड वर्षानं एका सकाळी त्यांनी वृषालीला मेन पाडायला सांगितलं. आता मेन पाडण्याआधी चार्जिंगची डबी बघायची असा नवा नियम झाला होता, आणि तो दोघंही न चुकता पाळत. डबी रिकामी होती, कान कानांवर होते. तातोबा स्वतः जवारीला बसले.

जवारी निघाली. पूर्वीची नव्हती, हे वृषालीला कळलं आणि त्यांनाही कळलं असावं. पण निघाली. पुढं चार तंबोऱ्यांतले तीन ते करायचे आणि चौथा तिच्याकडे सरकवून म्हणायचे, “हे तू बघ. माझं कान आळशी झालंत.”

दोनशे बारा तुकड्यांची डबी तोवर देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होती. वृषालीनं ती एकदाही उघडली नव्हती. कुडचेनं मना केलं होतं हे निमित्त. खरं म्हणजे तिला धीर होत नव्हता.

शालनच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी कावळा पानाला लवकर शिवला. जेवणं झाली, नातेवाईक गेले. तातोबा पानाचा विडा चघळत कारखान्यात बसले आणि म्हणाले, “वृषा, आज तिचं लाव.”

“आप्पा, नक्की?”

“नकाशा पक्का झालाय म्हणला न्हवं कुडचे? लाव. आज तिचा दिवस हाय.”

वृषालीनं डबी आणली, फोनला जोडली. पडद्यावर आकडेच आकडे होते. आधी आपण ऐकून निवडायला हवे होते, असं तिला त्या क्षणी वाटलं. पण तातोबा डोळे मिटून, मांडी घालून, हात जोडल्यासारखे बसले होते. तिनं वरच्याच एका आकड्यावर बोट ठेवलं.

“खिडकी,” आवाज म्हणाला. “खुर्ची. खडू.”

 आवाज गुळगुळीत होता, बारीक, साफ. ती कंपनीची बाई होती. वृषाली घाईनं म्हणणार होती की आप्पा, थांबा, हे नव्हे. तिनं वर पाहिलं.

तातोबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“तीच,” ते म्हणाले. “बघ, बघ. एका शब्दाचाबी फरक न्हाई. मी म्हटलं न्हवतं, यंत्र कशाला पायजे म्हणून?”

 तुकडा संपला. वृषालीला वाटलं, खरा आवाज लागला की त्यांना आपोआप कळेल, आपण हसू, तेही हसतील. तिनं एक आकडा सोडून पुढचा दाबला.

“खिडकी.” घोगरा, जाडाभरडा, जतकडचा. चष्मा लावून ताठ बसून, एकही अक्षर चुकू नये म्हणून जपून काढलेला. “खुर्ची. खडू.” आई खोलीत आली होती. वृषालीला हुंदका आवरेना, तिनं पदर तोंडात धरला.

तातोबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे उघडले.

“ही कोण? कंपनीची बाई व्हय?” ते म्हणाले. “हिच्या आवाजाला कानस मारायला पायजे.”

वृषाली त्यांच्याकडे बघत राहिली. बोलून गेलेलं त्यांचं त्यांना ऐकू जाईल, ते थबकतील, आठवतील, असं वाटून ती थांबली. शालनचा आवाज पुढची यादी वाचत होता. गवत. गाडी. गूळ.

“बंद कर गं तिला,” तातोबा हळूच म्हणाले. “मघाची लाव. शालनची.”

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. तिनं ते नीट समजून घेतलं, आणि आईला बंद केलं.

“लावते, आप्पा,” ती म्हणाली.

तिनं पहिला आकडा दाबला. तातोबांनी पुन्हा डोळे मिटले आणि त्या गुळगुळीत, परक्या आवाजामागून, पूर्वी शालनच्या मागून म्हणायचे तसं, एकेक शब्द जपून म्हणू लागले. खिडकी. खुर्ची. खडू. वृषाली त्यांच्या शेजारी बसून राहिली. दोन आकड्यांतला कुठला आईचा, ते आता त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.